सुतकातली झोप

अक्का, तुम्ही गेल्यापासून मला फार छान झोप लागत होती. हे मी कुणासमोर बोलू शकत नाही, म्हणून तुमच्यासमोर बोलते. तुम्ही असतात तर चष्म्यावरून बघून म्हणाला असतात, "व्हय, दिसतंच की तोंडावर," आणि पुढची बाही मशीनखाली सरकवली असती.

दिसतच होतं तोंडावर, तीच तर पंचाईत झाली. दुपारी बायका भेटायला यायच्या. मी आतल्या खोलीतून उठून बाहेर यायची ती डोळे सुजलेले, आवाज बसलेला, गालावर सतरंजीची वीण उमटलेली. त्या एकमेकींकडे बघायच्या. "रडून रडून काय हाल करून घेतलेत बघा धाकटीनं," असं एक म्हणायची. "जावा कुठल्या, सख्ख्या बहिणी होत्या," असं दुसरी म्हणायची. तिसरी माझ्या पाठीवरून हात फिरवत राहायची. मी मान खाली घालून बसायची. मान खाली घातली की माणूस दुःखात आहे असंच लोक धरतात. ती लाजेनं घातली आहे का, हे कोण विचारतं?

त्या बायकांचं मला फारसं वाटत नव्हतं. भीती होती ती शीतलची. तुमची लेक पुण्याहून धावत आली, तुमच्या साडीचा बोळा उशाशी घेऊन बसली, आणि आईवर जीव टाकणारं घरात आपल्यानंतर कुणी असेल तर ती काकू, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. तिला कळलं तर काय, या विचारानं मला घाम फुटायचा. आणि घाम पुसून मी पुन्हा झोपायची.

तुम्ही गेलात तेही ऐन सीझनमध्ये. कसं झालं, काय झालं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून जीभ थकली आहे, ते इथं नको. इतरांचा उन्हाळा मे महिन्याच्या शेवटी उतरायला लागतो. आंबे स्वस्त होतात, माहेरवाशिणी परततात, माणसं दुपारी दारं लावून पडतात. आपल्या घरात तेव्हा खरा उन्हाळा सुरू व्हायचा. शाळा उघडायला आलेल्या, औरंगपुऱ्यातल्या दुकानांतून गणवेशाच्या कापडाचे गठ्ठे आलेले, आणि आपण दोघी समोरासमोर दोन मशिनींवर. निळ्या चड्ड्या, पांढरे शर्ट, चौकड्याचे ट्युनिक. भरदुपारी सगळी गल्ली निपचित पडलेली असायची आणि आपल्या घरातून तेवढा खडखडाट चालू. लग्न होऊन आले तेव्हापासून उन्हाळ्याचा हाच आवाज माझ्या कानात आहे.

आत्याबाई, आपल्या सासऱ्यांची बहीण, तुम्ही गेलात त्याच दिवशी वैजापूरहून आल्या आणि त्यांनी घर ताब्यात घेतलं. दोन्ही मशिनींवर जुन्या चादरी टाकल्या आणि बजावलं, "सुतकात सुईला हात लावायचा नाय. देव नाय, चूल नाय, मशीन नाय. गपगुमान बसायचं." भावकीतून कडू घास आला, मग शेजारपाजारहून डबे सुरू झाले. भिंतीपलीकडच्या शबानाभाभी, आपल्या शर्टांची काजं करून देणाऱ्या, भलं मोठं पातेलं भरून खिचडी-खट्टा घेऊन आल्या. पातेलं ठेवलं आणि तिथंच उंबऱ्यावर बसून रडल्या. दुकानदारांना फोन करून आपल्या दोघींच्या नवऱ्यांनी कळवलं. ते म्हणाले, घरात असं झाल्यावर काय बोलणार, जमेल तसं द्या. इतक्या वर्षांत कुणी आपल्याला 'जमेल तसं' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुरुष माणसं बाहेर लिंबाखाली बसली होती. आतल्या खोलीत मी भिंतीला पाठ टेकली. उठले तेव्हा उन्हं उतरली होती. डोळे उघडल्या उघडल्या वाटलं, मेले आता, अक्का ओरडणार. मग आठवलं. आणि आठवल्यावर, अक्का, आधी हायसं वाटलं. दुःख त्याच्या मागून आलं. हा क्रम असाच होता, तो मी बदलून सांगणार नाही.

त्यानंतर रोज दुपारी तेच. जेवण झालं की डोळ्यांवर झापड यायची. ही साधी झोप नव्हती. अंगातून काहीतरी वाहून जावं तशी होती. स्वप्न नाही, कूस बदलणं नाही. तुमच्या चितेचा धूर अंगावरून उतरला नव्हता आणि मी पोटभर जेवून गाढ झोपत होते. एकदा शबानाभाभी बाहेर कुणाला तरी सांगत होत्या ते अर्धवट ऐकू आलं, "नक्को उठाव उनकू, सोने दो, बहोत सदमा लगा." मी ते ऐकलं आणि डोळे मिटून पुन्हा झोपले. इतकी निलाजरी झाले होते मी.

दुपारच्या झोपेवरून आपलं किती वाजलंय ते आठवतं का? तुम्हाला माझं आडवं होणं खपायचंच नाही. जेवल्यावर अंग जड होतं म्हणून तुम्ही अर्धी भाकरी खायचात आणि मला पूर्ण वाढायचात, आणि नंतर माझ्याच डोळ्यांवर लक्ष ठेवायचात. मला पेंग आली की तुम्ही बोलायच्या नाहीत, नुसतं मशीन जोरात पळवायचात. त्या आवाजात मढंसुद्धा उठून बसलं असतं. मी एकदा खोटंच सांगितलं की डोकं दुखतंय, जरा पडते. तुम्ही बाम आणून दिलात, स्वतः चोळून दिलात, आणि विचारलंत, "आता राहिलं ना? मंग ये, कॉलर राहिल्यात."

पाण्याचा दिवस तर त्याहून बेकार. आपल्या शहराचा नळ, कधी कुठल्या प्रहरी येईल त्याचा नेम नाही, आणि नेमका दुपारीच आला तर बरं, असं तुम्हाला वाटायचं. म्हणजे मी, ही सुनीता, झोपायची नाही. ड्रम, हंडे, कळश्या, शेवटी पातेली आणि ताटलीसुद्धा भरून झाली की तुम्ही कमरेवर हात ठेवून समाधानानं बघायचात. मी म्हणायची, "अक्का, ताटलीत पाणी कशाला?" तुम्ही म्हणायचात, "ऱ्हाऊ दे. असू दे."

आणि कूलर? तो तुम्ही का घेऊ दिलात ते मी विसरलेले नाही. मी सांगून थकले होते, उकडतंय, चक्कर येते. पण ज्या दिवशी एका पांढऱ्या शर्टावर माझ्या घामाचा डाग पडला आणि दुकानदारानं तो परत पाठवला, त्याच आठवड्यात कूलर घरात आला. गारवा आपल्यालाच मिळाला, पण कापडाच्या नावानं मिळाला. तुम्ही मात्र पुढं दोन वर्षं शेजारणींना सांगत होतात की माझ्या जावेला उकाडा सोसत नाही म्हणून घेतला. मला तेव्हा त्याचा राग यायचा. आता वाटतं, तुम्हाला खरंच तसं म्हणायचं असेल आणि शर्टाचा नुसता बहाणा असेल. विचारायचं राहून गेलं.

गेल्या वर्षी मात्र मी अडून बसले होते. म्हटलं, "अक्का, जेवणानंतर दोन तास बंद ठेवू. काय आभाळ कोसळणार आहे? दुकानदारसुद्धा दुपारी गादीवर लवंडतो." तुम्ही दोरा दातानं तोडला आणि म्हणालात, "दुकानदाराच्या घरी बायको आसती. आपल्या घरी कोण हाय? आपणच बायका." मला हसू आलं. तुम्हीही हसलात. भांडण तिथंच मोडलं. मला वाटलं होतं, पुढच्या सीझनला पुन्हा काढू. उत्तरही तयार केलं होतं. दोन बायका आहोत तर आळीपाळीनं झोपू, एकीनं दुसरीची राखण करायची. यंदा ते बोलायला तोंड उघडायच्या आत कापडाचे गठ्ठे आले, आणि मग तुम्हीच गेलात.

एक दुपार मला सारखी आठवते. याच मेमधली. लाईट गेली आणि येईचना. मशिनींच्या मोटारी बंद पडल्या, कूलर बंद. मी फरशीवर पाणी शिंपडलं आणि तिथंच पसरले. तुम्हाला म्हटलं, "या ना अक्का, फरशी गार आहे." तुम्ही आलात, बसलात. पदर डोक्याखाली घेऊन क्षणभर आडव्याही झालात. लगेच उठून बसलात आणि बंद खिडक्यांच्या अंधारात चाचपडत शर्टांचे लोंबते दोरे तोडायला लागलात. मी डोळे मिटून विचारलं, "अक्का, तुम्हाला भीती कसली वाटते हो?" तुमची कात्री थांबली. तुम्ही म्हणालात, "कसं सांगू आता तुला..." आणि लाईट आली. कूलर घरघरला, तुम्ही उठलात, मीही उठले. नंतर मी विचारलं नाही. कामाच्या गडबडीत ते सुटलंच माझ्याकडून. आता त्या 'कसं सांगू'च्या पुढं काय होतं ते कुणालाच माहीत नाही.

भेटायला आलेल्या बायका आता सांगतात, "काम काम करून गेली बिचारी. जरा जिवाला जपलं असतं तर." मी मान हलवते. मनात मात्र चीड येते. तुमच्या हयातीत यातल्या एकीनं तरी तुमच्या हातातून कात्री काढून घेतली का? उलट दर जूनमध्ये याच बायका "माझ्या नातवाचा गणवेश अजून झाला नाही का" म्हणून दारात उभ्या राहायच्या. आणि मग माझं मलाच हसू येतं. मी तरी कुठं घेतली? मी माझ्या झोपेसाठी भांडले, तुमच्या झोपेसाठी कधी नाही. तुम्हाला झोप लागतच नसावी असं मी धरून चालले होते. दगडाला कोण 'झोप' म्हणतं?

एकदाच तुम्ही मला मनसोक्त झोपू दिलंत. माझा गणेश झाला तेव्हा. माहेरी आई नव्हती म्हणून बाळंतपण इथंच झालं, तेही अशाच टळटळीत दिवसांत, सीझनच्या तोंडावर. तुम्ही सव्वा महिना मला सुई धरू दिली नाही. मशीन ओट्याकडच्या खोलीत ओढून नेलीत, आवाज नको म्हणून खाली गोधडी घातलीत. दोघींचं काम एकटीनं केलंत. मी जागी झाले की पडद्याआडून विचारायचात, "झालं का? आजून झोप, पोरगं झोपलंय तवर." मला पाणी मागायचीही लाज वाटायची, इतकी तुमची धावपळ. शीतल झाली तेव्हा मात्र तुम्ही फुलंब्रीला माहेरी गेलात आणि पुरते दिवसही राहिला नाहीत, हे मला नंतर कळलं. इथं गठ्ठे पडले होते म्हणून.

म्हणजे बघा अक्का, आपल्या घरात बाईला भरदिवसा पाठ टेकायची तर एक तर सोयर लागतं नाही तर सुतक. जन्म होवो की मरण, सुईपासून सुटका तेव्हाच. माझं सोयर तुम्ही सांभाळलंत. आणि माझी दुसरी सुट्टी तुमच्या जिवावर झाली. हे मनात आलं त्या दिवशी मला घास गिळवेना. आत्याबाईंना वाटलं, तुमच्या आवडीची मेथीची भाजी पानात होती म्हणून.

याहून वाईट सांगते. दहाव्याच्या आदल्या दिवशी आत्याबाई बोटं मोजत म्हणाल्या, "उद्या दहावा, मंग तेरावं झालं की सुतक फिटलं. चादरी काढा आन् लागा कामाला, पोरांच्या शाळा थांबायच्या नायत." माझ्या मनात काय आलं असेल? अजून चार दिवस असते तर. बस, एवढंच आलं. पण ज्या घरातलं माणूस गेलंय त्या घरातल्या बाईच्या मनात सुतक वाढावं असं येतं, याला काय म्हणायचं? मी उठून न्हाणीत गेले आणि तोंडावर पाणी मारत राहिले. बाहेर शीतल कुणाला तरी हळू आवाजात सांगत होती, "काकू परत रडतायत. त्यांना नका बोलावू आता."

ती पोरगी रोज असंच करत होती. दुपार झाली की मला आत ढकलायची. "काकू, तुम्ही पडा. मी बसते बायकांत." दार ओढून घ्यायची, कुणी आलं की तिथूनच परतवायची. स्वतःच्या डोळ्याला डोळा नव्हता. तोंड कोमेजून गेलं होतं, ओठ फुटले होते. सहा महिन्यांची असताना तिला मांडीवर घेऊन तुम्ही शिवायचात, ती मशीनच्या ठेक्यावर झोपायची, आणि आता मशीन बंद झाली तर तिची झोप गेली. आणि मी? मी तिच्या पहाऱ्यात झोपत होते.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आत्याबाई गेल्या. शीतलची संध्याकाळची बस होती. दुपारी आम्ही दोघीच घरात. ती तुमच्या साड्यांच्या घड्या घालत होती. मध्येच थांबली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही होतात म्हणून आई इथं एकटी पडली नाही. पप्पांना मनातलं बोलता येत नाही, मी लांब. तुम्ही तिच्यासाठी जेवढं रडलात तेवढं मीसुद्धा नाही रडले."

मला ते सोसवेना. गप्प राहिले असते तर निभावलं असतं, ती बसमध्ये बसली असती आणि मी आयुष्यभर तिची मायाळू काकू राहिले असते. पण तुमची साडी तिच्या मांडीवर होती. मी म्हटलं, "शीतल, मी रडत नव्हते गं. झोपत होते. रोज. गाढ झोपत होते. तुझी आई गेली आणि मला झोपायला मिळालं, एवढंच झालं."

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता उठून जाईल. ती म्हणाली, "मला माहीत आहे की."

"काय माहीत आहे?"

"तुम्ही घोरत होतात, काकू. बाहेरपर्यंत ऐकू यायचं. म्हणून तर दार लावून घ्यायचे मी."

मला तोंड कुठं लपवू असं झालं. "मग मघाशी रडण्याचं कशाला म्हणालीस?"

तिनं साडीचा काठ सरळ केला. "तुम्हाला लाज वाटत होती ना. दिसत होतं. म्हटलं, राहू दे." मग घडी पुरी करून म्हणाली, "आईला मी कधी घोरताना ऐकलंच नाही. लहानपणी रात्री जाग यायची तर ती बसलेलीच असायची. या दिवसांत तुम्ही आत घोरायच्यात ना, मला बरं वाटायचं. घरातली एक तरी बाई झोपलीय असं वाटायचं."

तिच्या वयाच्या पोरीनं माझी लाज झाकली, आणि मला ती झाकल्याचं कळूही दिलं नाही. ही तुमचीच लेक, अक्का. बामाची बाटली हातात आणि तोंडानं कॉलरचं काम सांगायचं, ती तुमची रीत. हिनं काम सांगितलं नाही, एवढाच फरक. मी तिला जवळ घेतलं. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. बसची वेळ टळून गेली. मी तिला उठवलं नाही. तिच्या पप्पांनी दारातून बघितलं आणि चपला हातात घेऊन मागं फिरले. ती दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

ती गेल्यावर मी चादर काढली, माझ्या मशीनवरची. तुमच्या मशीनवरची राहू दिली. सकाळभर शिवलं. दुकानदाराचा फोन आला, आता 'जमेल तसं' संपलं होतं. दुपारी जेवण झालं आणि मी ह्यांना म्हटलं, "दोन तास मशीन बंद. रोज. मोठ्या भावजींनाही सांगा." हे म्हणाले, "सीझनमध्ये?" मी म्हटलं, "सीझनमध्येच." ते उठून भावजींना सांगायला गेले. तुम्ही असतात तर बोलला असतात.

मी आत जाऊन दाराला कडी लावली. सुतक नव्हतं, सोयर नव्हतं. माझं मी ठरवून भरदुपारी आडवी झाले होते, जन्मात पहिल्यांदा. वाटलं होतं, मागच्या दिवसांसारखी लगेच झोप लागेल. लागली नाही. छताकडं बघत पडले. कान दाराकडं होते, कुणीतरी हाक मारेल म्हणून. चोरासारखं वाटत होतं. उठावं आणि चाक फिरवावं असं दहा वेळा मनात आलं. उठले नाही. घर इतकं शांत मी कधी ऐकलंच नव्हतं. शेजारी शबानाभाभींच्या घरात भांडं पडलं, तेवढाच आवाज. आणि मग अक्का, मला रडू आलं. तेरा दिवस ज्याचा मान घेतला ते रडू. बायका बघायला नव्हत्या, शीतल दाराशी नव्हती. पालथी पडून मी तुम्हाला हाका मारल्या, पोटातून, नावानं मारल्या, अक्का म्हणून नाही. खूप वेळ रडले. मशीन बंदच होती.